भूतबाधा की आजार? बायबल काय सांगते

घरात कुणाला फिट आली, कुणी असंबद्ध बोलू लागले, की पहिली शंका 'बाहेरच्या बाधे'ची येते. ख्रिस्ती घरांत या शंकेला बायबलचा आधार सापडतो, कारण येशूने भुते काढल्याच्या कथा त्यात आहेतच. पण या कथा शेवटपर्यंत वाचल्या तर काय हाती लागते?

गर्दी जमली आहे. मध्यभागी एक बाप उभा आहे, शेजारी त्याचा मुलगा. या मुलाला अधूनमधून झटका येतो. तो जमिनीवर आपटतो, तोंडाला फेस येतो, दातखीळ बसते, अंग लाकडासारखे ताठ होते. कधी तो विस्तवात पडला आहे, कधी पाण्यात. बापाने त्याला येशूच्या शिष्यांकडे आणले, पण त्यांना काही जमले नाही. आता शिष्य आणि शास्त्री यांच्यात वाद पेटला आहे आणि मूल बाजूलाच राहिले आहे.

तेवढ्यात येशू येतो. मुलाला पुन्हा झटका येतो. येशू पहिल्यांदा बापाला विचारतो, हे असे किती दिवसांपासून होते आहे? लहानपणापासून, बाप सांगतो. जमत असेल तर आमच्यावर दया करा, असे तो म्हणतो. आणि लगेच, माझा विश्वास आहे पण तो तोकडा पडतो, त्यालाच हात द्या, अशी विनवणीही करतो.

मार्कच्या शुभवर्तमानातील, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकातील, नवव्या अध्यायातली ही कथा. मार्क या त्रासाचे कारण अशुद्ध आत्मा असे देतो. मत्तयाने हीच कथा सांगताना मूळ ग्रीकमध्ये मुलासाठी जो शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ होतो 'चंद्राने बाधलेला'. फेफऱ्याचे झटके चंद्राच्या कलांप्रमाणे येतात, अशी तेव्हाची समजूत होती. आजचा कोणताही डॉक्टर ही लक्षणे ऐकताच अपस्माराची शंका घेईल.

मग प्रश्न पडतो. बायबल मानणाऱ्या कुटुंबाने अशा मुलाला कुठे न्यावे? प्रार्थनेच्या सभेत, की दवाखान्यात? प्रश्न केवळ धर्मपंडितांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाले, तर त्यांतील 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय आयुष्य काढू शकतात. उपचाराला उशीर झाला, तर त्याची किंमत मुलाच्या शाळेने, मुलीच्या लग्नाने आणि कधीकधी जिवाने मोजावी लागते.

जुन्या करारात भुते थोडीच

बायबलचे दोन भाग. जुना करार हा ज्यू लोकांचा धर्मग्रंथ. नवा करार येशू आणि त्याच्या पहिल्या अनुयायांविषयीचा. जुना करार ज्या काळात आकाराला आला, त्या काळात शेजारच्या बाबिलोनमध्ये आजार आणि भुते यांचे नाते पक्के मानले जाई. तिथल्या मातीच्या विटांवर कोरलेल्या वैद्यकग्रंथात फेफऱ्याच्या निरनिराळ्या झटक्यांना निरनिराळी भुते किंवा दैवते नेमून दिलेली आढळतात.

या शेजाराच्या मानाने जुन्या करारात रोगकारक भुते फारच थोडी. तिथे आयुष्य आणि मरण, आरोग्य आणि व्याधी, सारे एका देवाच्या हाती मानले आहे. शौल राजाला अस्वस्थ करणारा दुष्ट आत्मा येतो, पण तोही परमेश्वराकडून आल्याचे ग्रंथ सांगतो. त्यावर दरबारी मंडळी उपाय शोधतात तो संगीताचा. दावीद नावाचा तरुण वीणा वाजवतो आणि राजाला तेवढ्यापुरते बरे वाटते. हिज्कीया राजा गळवाने मरणाला टेकतो, तेव्हा यशया संदेष्टा देवाचा निरोप आणतो आणि सोबत अंजिरांचा लेप लावायला सांगतो. राजाने रडून प्रार्थना केली होती. लेपही लावला गेला. दोहोंत विरोध आहे, असे कुणाला वाटले नाही.

ईयोबाची कथा याहून बोलकी आहे. या सज्जन माणसाच्या अंगभर फोड उठतात, आणि ते सैतानाने आणले, असे वाचकाला आधीच सांगितलेले असते. म्हणजे व्याधीमागे दुष्ट शक्ती, हे उदाहरण बायबलमध्ये आहे. पण ईयोबाला स्वतःला ते शेवटपर्यंत कळत नाही. त्याचे मित्र येतात, सात दिवस मुकाट्याने जवळ बसतात, आणि मग निदान करू लागतात: तू काहीतरी पाप केले असशील, त्याशिवाय असे होत नाही. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या दुखण्याचे अदृश्य कारण छातीठोकपणे सांगणाऱ्यांना बायबलने दिलेली ही चपराकच म्हणायची.

लक्षण एक, कारणे दोन

नव्या करारात चित्र बदलते. येशूच्या काळापर्यंत ज्यू समाजात भुतांवरचा विश्वास बराच रुजला होता आणि पहिल्या तीन शुभवर्तमानांत भुते काढण्याच्या कथा जागोजाग येतात. त्यामुळेच बायबलमध्ये सगळे रोग भुतांनी होतात, असा समज पसरला आहे. मूळ मजकूर मात्र वेगळीच नोंद ठेवतो.

कफर्णहूम गावातल्या एका संध्याकाळचे वर्णन मार्क करतो. सूर्य मावळल्यावर लोक दारात गर्दी करतात. त्यांत आजारी आहेत आणि भूतग्रस्त आहेत. दोघांचा उल्लेख वेगवेगळा. मत्तय एके ठिकाणी यादीच देतो: नाना रोगांनी पिडलेले, भूतग्रस्त, फेफरे येणारे, लुळे पडलेले. इथे तर फेफरेही भूतबाधेपासून निराळे धरले आहे.

मुकेपणाचे पाहा. मत्तयाच्या नवव्या अध्यायात एक मुका माणूस येतो. त्याच्यातले भूत निघते आणि तो बोलू लागतो. मार्कच्या सातव्या अध्यायात दुसरा येतो, बहिरा आणि अडखळत बोलणारा. तिथे भुताचा शब्दही नाही. येशू त्याला गर्दीपासून दूर नेतो, कानात बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो. लक्षण जवळपास सारखे, कारण वेगळे. कुष्ठरोग्यांच्या कथांत भूत नाही. पेत्राच्या सासूला ताप होता. मार्क सांगतो, येशूने हात धरून तिला उठवले. योहानाच्या शुभवर्तमानात तर भूत काढल्याची एकही कथा नाही.

त्याच योहानाने जन्मांध माणसाची गोष्ट दिली आहे. शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आपल्याकडे 'कुणाच्या तरी कर्माची फळे' म्हणून आजाऱ्याच्या आईला बोलणी बसतात. हे उत्तर अशा प्रत्येक आईने लक्षात ठेवावे असे आहे.

काही कथा मात्र दोन्हींच्या सीमेवर उभ्या आहेत. लूक एका बाईची हकिकत सांगतो. अठरा वर्षे ती कमरेत वाकलेली, सरळ उभी राहू न शकणारी. लूक तिच्या व्याधीचा संबंध आत्म्याशी जोडतो. सैतानाने हिला बांधून ठेवले होते, असे येशूही म्हणतो. तरीही तो भुताला दरडावत नाही. बाईशी बोलतो, तिच्यावर हात ठेवतो, ती सरळ होते. शब्बाथाच्या दिवशी हे का केले, म्हणून सभास्थानाचा अधिकारी चिडतो, तेव्हा येशू तिला अब्राहामाची लेक म्हणतो. ज्या बाईकडे अठरा वर्षे कुणी धड पाहिले नसेल, तिला भर सभेत घराण्याचे नाव मिळते.

आजचे तीन प्रवाह

या कथांचा अर्थ कसा लावायचा, यावर ख्रिस्ती लोकांत एकमत नाही आणि हा वाद आजचाही नाही. इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास ग्रीक वैद्यांच्या एका ग्रंथाने, हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या, फेफऱ्यात इतर रोगांपेक्षा अधिक दैवी असे काही नाही, असे ठणकावून सांगितले होते. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन याला वैद्यांचे हे म्हणणे ठाऊक होते. पण त्या मुलाच्या कथेत तरी आपण शुभवर्तमानालाच प्रमाण मानतो, असे त्याने लिहिले.

आज ढोबळमानाने तीन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह कथा जशाच्या तशा घेतो: दुष्ट आत्मे होते, आहेत आणि काही आजार तेच आणतात. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत हा विचार प्रबळ आहे. त्यांच्यातही सरसकट सगळे आजार भुतांचे मानणारे थोडे आणि औषध घेत घेत प्रार्थना करणारे पुष्कळ.

दुसऱ्या प्रवाहाच्या मते शुभवर्तमानकारांनी आपल्या काळाच्या भाषेत लिहिले. ज्याला ते भूत म्हणत, त्याला आपण अपस्मार किंवा मनोविकार म्हणतो. इंग्लंडमधील ह्यू फार्मर या धर्मोपदेशकाने 1775 मध्ये यावर पुस्तकच लिहिले होते. सूर्य 'उगवला' म्हणणारा माणूस खगोलशास्त्र शिकवत नसतो. तसेच हे, असा या मंडळींचा युक्तिवाद.

तिसरा प्रवाह मधला आहे. दुष्ट शक्तीचे अस्तित्व तो नाकारत नाही, पण खरी भूतबाधा अत्यंत दुर्मीळ मानतो आणि आधी डॉक्टरकडे पाठवतो. कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका साधारण अशी आहे. 1983 च्या त्यांच्या धर्मसंहितेनुसार बिशपच्या खास परवानगीशिवाय कुणालाही भूत काढण्याचा विधी करता येत नाही. 1999 मध्ये या विधीचे सुधारित पुस्तक प्रसिद्ध झाले. आजारी माणसाला, विशेषतः मनोरुग्णाला, भूतग्रस्त समजण्याची चूक करू नये आणि गरज तिथे वैद्यकीय तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, असे त्यात बजावले आहे.

गोळी बंद होते तेव्हा

या सावधगिरीमागे एक कटू अनुभव आहे. पश्चिम जर्मनीत 1976 मध्ये 23 वर्षांची एक विद्यार्थिनी दगावली. तिला अपस्मार असल्याचे निदान झाले होते, काही वर्षे औषधेही चालू होती. पुढे तिला भुताने धरल्याची तिची आणि घरच्यांची खात्री पटली. बिशपच्या परवानगीने दोन धर्मगुरूंनी सुमारे दहा महिन्यांत तिच्यावर 67 वेळा विधी केले. ती खाईना, पिईना. गेली तेव्हा तिचे वजन 30 किलोच्या आसपास होते. 1978 मध्ये न्यायालयाने आईवडील आणि दोन्ही धर्मगुरूंना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवले. यातल्या कुणालाही त्या मुलीचे वाईट करायचे नव्हते. हीच या प्रकरणातली सर्वांत अंगावर येणारी गोष्ट.

आपल्याकडची आठवण तितकीच दाहक आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवासात आग लागली. बरे होण्याच्या आशेने तिथे ठेवलेले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. 28 जण मरण पावले. ते ठिकाण ख्रिस्ती नव्हते. पण साखळी कुठल्याही श्रद्धेची असली, तरी लोखंडाचीच असते.

यानंतर कायदा बराच पुढे आला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. भूताचे निमित्त सांगून रुग्णाला औषधोपचारापासून अडवणे, हाही गुन्हाच. कायदा कोणत्याही एका धर्मापुरता नाही. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने देशभर मनाई केली आहे.

साखळी कुणाची होती?

नेमकी साखळी असलेली एक कथा बायबलमध्येही आहे. गालील सरोवरापलीकडे एक माणूस थडग्यांमध्ये राहत असे. रात्रंदिवस ओरडे, दगडांनी स्वतःला ठेचून घेई. लोकांनी त्याला अनेकदा बेड्या आणि साखळदंड घातले होते. त्याने ते तोडले होते. येशू त्याला नाव विचारतो. 'सैन्य', असे उत्तर येते, कारण आत पुष्कळ जण आहेत. पुढे भुते डुकरांच्या कळपात शिरतात आणि सुमारे दोन हजार डुकरे सरोवरात बुडतात. कथा सांगणारा बहुधा इथेच रंगतो.

पण तिचा शेवट पाहावा. गावकरी येतात तेव्हा तो माणूस अंगावर कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला असतो. तो येशूबरोबर जाऊ म्हणतो. येशू त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांत परत पाठवतो. या कथेत साखळी आहे, ती गावाने घातलेली. येशूने कुणाला बांधल्याची, मारल्याची, उपाशी ठेवल्याची एकही कथा शुभवर्तमानांत नाही. भूत खरे मानणाऱ्यालाही आणि ती आजाराची जुनी भाषा मानणाऱ्यालाही हे सारखेच मान्य करावे लागेल.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. भूत लागल्याचा शिक्का खुद्द येशूवरही मारला गेला होता. याला भूत लागले आहे, हा वेडा आहे, असे विरोधक म्हणत. घरचे लोकही एकदा, याचे भान हरपले, म्हणून त्याला न्यायला आले होते. न पटणाऱ्या माणसाला गप्प करायला हा शिक्का किती सोपा आहे, हे त्यावरून कळावे.

वैद्यही देवाचाच

औषधाविषयी बायबल काय म्हणते? पौलाचा सोबती लूक वैद्य होता. दयाळू शोमरोनी जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. भुताची चौकशी करत नाही. त्रफिम या सहकाऱ्याला त्याने आजारी अवस्थेत मिलेतात मागे ठेवले. स्वतःच्या शरीरातल्या काट्याला तो सैतानाचा दूत म्हणतो, तीन वेळा प्रार्थना करतो, आणि काटा निघत नाही तेव्हा त्यासह जगायला शिकतो. याकोबाचे पत्र सांगते, आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. कॅथलिक बायबलमधील सिराखच्या पुस्तकात तर वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही देवानेच नेमले आहे, अशा आशयाचा सबंध उपदेश आहे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नसते.

हेच बायबल वाचून चौथ्या शतकात बासिल या बिशपने कैसरिया शहराजवळ रुग्णांसाठी आश्रयस्थान उभारले. हेच बायबल घेऊन आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि मिरज हे नाव पुढे दूरदूरच्या रुग्णांच्या तोंडी झाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मनोरुग्ण विभागात रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहायची पद्धत आहे. थडग्यांतल्या माणसाला घरी पाठवणाऱ्या कथेशी या पद्धतीचे नाते जुळते.

ज्या कुटुंबाचा प्रार्थनेवर विश्वास आहे, त्याने ती अवश्य करावी. तिने धीर येतो, माणसे जवळ येतात, रात्र निभावते. पण प्रार्थना करणारा कुणी 'गोळ्या बंद करा, नाहीतर विश्वास कमी पडेल' असे म्हणाला, तर त्याने बायबलचे कोणते पान वाचले, हे विचारायला हरकत नाही. विश्वास तोकडा पडतो, असे त्या बापाने तर उघड कबूल केले होते. म्हणून येशूने त्याला परत पाठवले नाही. मूल निपचित पडले, मेले असे लोक म्हणू लागले. येशूने त्याचा हात धरला, त्याला उभे केले आणि, लूक सांगतो, बापाच्या हवाली केले.

घरात फिट आली तर

• घाबरू नका. घड्याळात वेळ पाहा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू आणि विस्तव दूर करा.
• डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, रुग्णाला कुशीवर वळवा.
• हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका.
• कांदा किंवा चप्पल हुंगवून झटका थांबत नाही.
• झटका पाच मिनिटांहून जास्त चालला, शुद्धीवर येण्याआधी दुसरा आला, इजा झाली किंवा रुग्ण गरोदर असेल, तर लगेच रुग्णालयात न्या. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108.
• डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका, झटके थांबले तरीही.
• मानसिक त्रासासाठी सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू झाली आहे. क्रमांक 14416.